आरशांवर शिजलेला भात

मला उन्हाचं कौतुक कधीच नव्हतं. चंद्रपुरात जन्म काढलेल्या माणसाला ते नसतंच. मार्च लागला की खिडक्या बंद, कूलर सुरू आणि पाऊस येईपर्यंत सूर्याला शिव्या. त्यात माझी सगळी नोकरी कोळशाच्या वीज केंद्रात, बॉयलरवर गेली. काट्यावर डोळा ठेवायचा आणि वाफेचं प्रेशर पडू द्यायचं नाही, एवढंच काम. दूर वाळवंटात आरशांच्या रांगा लावून उन्हावर वाफ करतात आणि त्या वाफेवर वीज काढतात, असं कुणीतरी कॅन्टीनमध्ये सांगितलं तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो होतो. आरसा दाढी करायला असतो, म्हणालो.

रिटायर झालो आणि धाकट्या बहिणीचा फोन आला. ती चामोर्शीकडच्या एका गावात मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे.

"दादा, आमच्या इथी स्वयंपाकाले आरशे बसवले. बसवणारा एक दिवस दाखवून निघून गेला अन् भात रोज बिघडून राह्यला. तू वाफेतला माणूस. येऊन पाह्य ना."

"मी कोळशातला माणूस आहो," मी म्हणालो.

"वाफ तं वाफच असते ना?"

बहिणीपुढे माझं आजवर चाललं नाही, तेव्हाही चाललं नाही. गुरुवारी संध्याकाळी बसमधून उतरलो.

अंगणात आठ मोठ्या छत्र्या उभ्या होत्या, आतून आरशांचे चौकोनी तुकडे चिकटवलेल्या. मुली त्यांना छत्र्याच म्हणत. ऊन उतरलं होतं आणि सगळ्या वसतिगृहाची वेणीफणी त्या छत्र्यांपुढे चालली होती. एका तुकड्यात कान, दुसऱ्यात रिबन, तिसऱ्यात नुसतं हसू. "काका, वरून तिसऱ्या काचेत टिकली बराबर दिसते," एकीनं मला न विचारता माहिती दिली.

बहिणीनं समजावून सांगितलं. छत्र्या सूर्याकडे वळवायच्या, त्यांचं सगळं ऊन समोरच्या लोखंडी पेटीवर एका जागी पडतं, पेटीतलं पाणी उकळतं आणि वाफ लांब पाइपातून स्वयंपाकघरातल्या गंजात, म्हणजे भाताच्या मोठ्या पातेल्यात जाते. लाकूड नाही, धूर नाही. आणि हे सगळं व्हावं म्हणून जिचा जीव टांगणीला लागला होता, ती स्वयंपाक करणारी बाई दारात उभी होती. माझ्याच वयाची. वीसेक वर्षं चुलीपुढे बसून डोळे लाल झालेले, बोलताना खोकला. यापुढे धूर नको, असं डॉक्टरनं बजावलं होतं.

"कमिटीवाले रविवारी जेवाले येनार हायेत," ती म्हणाली. "भात जमला तं वाफ ठेवतो म्हनते. नाई जमला तं चूल, अन् चुलीवर दुसरी जवान बाई. मले घरी बसाचं नाई भाऊ. ह्या पोट्ट्या माह्या हातचं खातेत."

शुक्रवारी सवयीनं मी पहाटेच अंगणात हजर झालो. सूर्य काही शिफ्टला वेळेवर येत नसतो, हे तिथे कळलं. थंडीत कुडकुडत बसलो. तो आला तेव्हा छत्र्या पूर्वेकडे वळवल्या. पेटीवर पांढराशुभ्र ठिपका उमटला, इतका लख्ख की वेल्डिंगच्या काचेतूनही बघता येईना, तर उघड्या डोळ्यांनी कुठून. आणि पेटीवरचा काटा हलला. ना कोळसा, ना राख, ना कसला आवाज, आणि काटा चढतोय! माझ्या अंगावर काटा आला. मी चक्क ओरडलो. मुली धावत आल्या, त्यांना वाटलं विंचू चावला.

पण भात बिघडला. गंजात तासभर कोमट पाण्यात पडून तांदूळ फुगला, फुटला आणि लगदा झाला. इकडे झाडीपट्टीत भात भरपूर पाण्यात खळखळून उकळतात, मग वरची पेज काढून घेतात. ती पेज मीठ टाकून आधी प्यायची. त्या दिवशी पेज कुठे संपते आणि भात कुठे सुरू होतो, तेच कळेना. मुलींनी तेच खाल्लं. बाई जेवली नाही.

शनिवारी मी प्रेशर आणखी चढवलं. छत्र्या पुन्हा पुन्हा नीट केल्या, काट्यासमोर ठाण मांडून बसलो. परत लगदा.

"तुमची वाफ ओली हाय," बाई म्हणाली.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बाई, माही जिंदगी वाफेत गेली. काटा पाहा, कसा उभा हाय."

"काटा तिकडे हाय. भात इकडे हाय. तुम्ही इकडे एकडाव तरी आले का?"

तिनं माझ्या हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, गंजात जाणारी नळी बाहेर काढली आणि तिच्या तोंडापुढे स्टीलचं ताट धरलं. ताटावरून पाण्याच्या धारा लागल्या.

मी कपाळावर हात मारला. लांब उघडा पाइप, जानेवारीची थंडी, वाफ वाटेतच निवून पाणी होत होती आणि पाइपात साचत होती. कोमट पाणी ढकलत ढकलत गंजात येत होतं. वीज केंद्रात टर्बाइनला वाफ सोडण्याआधी पाइपातलं पाणी काढून टाकतात, हे मला माहीत होतं. पण ते काम टर्बाइनवाल्यांचं. आम्ही बॉयलरवाले. काट्यापलीकडे वाफेचं काय होतं, ते आमचं खातं नव्हतं, आणि नोकरीभर त्यात मी मान घातली नाही. इथेही नाही घातली. पाणी काढायची छोटी तोटी भिंतीमागे पाइपालाच होती. बसवणाऱ्यानं ती लावून ठेवली होती आणि बाईनं तिच्यावर पोतेरं वाळत घातलं होतं. दिवसातून दहादा मी तिच्यासमोरून गेलो होतो.

दुपारभर मी आणि बहिणीनं पाइपाला जुन्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळल्या. ऊन कलून गेलं होतं. करून बघायला शनिवार उरला नव्हता.

रविवारी उजाडलं ते धुक्यात. समोरची छत्री दिसेना. नऊ वाजले तरी सूर्याचा पत्ता नाही, आणि आरशांवर दव. बाई तांदूळ निवडत बसली होती, निवडलेलाच परत. मुलींना काही सांगावं लागलं नाही. जिला जो कपडा सापडला तो घेऊन त्या आठही छत्र्यांना भिडल्या. एक पुसायची, दुसरी त्याच काचेत तोंड बघून पुन्हा पुसायची. साडेनऊला धुकं फाटलं. जन्मभर ज्याला शिव्या दिल्या त्याला मी हात जोडले, खोटं कशाला सांगू.

काटा चढला, पण या वेळी मी काट्याजवळ थांबलो नाही. भिंतीमागे जाऊन तोटी उघडली. आधी पाणी, मग थुंकल्यासारखं पाणी आणि वाफ, मग नुसती फूत्कारणारी, जवळजवळ न दिसणारी वाफ. बाई ताट घेऊन आलीच होती. तिनं ते पुढे धरलं, मागे घेतलं, बोट फिरवून पाहिलं.

"सुकी," ती म्हणाली. "आता सोडा."

गंज असा खळखळला की झाकण नाचायला लागलं. नव्या तांदळाचा वास अंगणभर पसरला आणि मुली नाचायला लागल्या. मीही थोडा नाचलो असेन.

बाराला पंगत बसली. कमिटीचे अध्यक्ष म्हणजे गावातले एक वयस्क शेतकरी. त्यांनी आधी पेज प्यायली, मग भात बोटांनी मोकळा करून बघितला. एकेक शीत वेगळं होतं. बाई दाराआड उभी, हातात पदराचं टोक.

"याले चुलीच्या धुवाचा वास नाई," ते म्हणाले. मग त्यांनी ताट पुढे केलं आणि आणखी भात मागितला. मग आणखी एकदा.

हात धुऊन ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. काळ्या, थंड चुलीकडे बघितलं, मग बाईकडे.

"बाई, उद्या का हाय जेवाले?"

बाईनं पदराचं टोक सोडलं आणि कमरेवर हात ठेवला.

"उद्या तुमच्या घरी का हाय, ते मले का मालूम भाऊ? माह्या पोट्ट्याईले चन्याची भाजी हाय."