दसऱ्याला नीळकंठ शोधत शेरवूडच्या जंगलात

मला लिहिता-वाचता येत नाही. हा ब्लॉग मी बोलते आणि माझी सून अनघा टाइप करते. मध्येच काही फार शुद्ध वाटलं तर ते तिचं समजा. ती पुण्याची आहे.

आमच्या वर्ध्याकडे दसऱ्याला नीळकंठ बघतात. सकाळी अंघोळ करून शेताकडे जायचं. तो तारेवर नाहीतर बाभळीवर बसलेला असतो. त्याला हात जोडायचे आणि मग घरी येऊन गोडधोड. तो दिसला की वर्ष चांगलं जातं. यंदा दसऱ्याला मी मुलाकडे, नॉटिंगहॅमला. त्यात माझ्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग धरलाय. समोर बघितलं की माणसाचं तोंड पुसून टाकल्यासारखं होतं, कान तेवढे उरतात. हा डाग वाढतच जाणार, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलंय. त्यामुळे पुढच्या दसऱ्याचं मी काही धरून चालत नाही. यंदा मात्र स्वतःच्या डोळ्यांनी बघायचाच, असं मी घरात जाहीर केलं.

"अहो आई, नीळकंठ इकडे नसतो," अनघा म्हणाली.

"मग कोण असतं ते बघ की. दिवसभर तो फोन कशाला हातात धरलेला असतो?"

तिनं शोधलं. साहेबाच्या काळात आपल्या नीळकंठालाच ब्लू जे म्हणायचे म्हणे. इकडच्या रानात नुसता जे असतो. अंग गुलाबीसर तपकिरी, पण पंखावर निळाशार पट्टा. एरवी फार लाजरा, पण पानगळ सुरू झाली की ओकची फळं वेचून जमिनीत पुरत फिरतो, म्हणून नेमका दसऱ्याच्या सुमाराला दिसतो.

"पण तो नीळकंठाच्या नात्यातला नाही हं," ती म्हणाली.

"निळा आहे ना? परदेशात तेवढं नातं पुष्कळ झालं."

मुलगा निखिल हॉस्पिटलात ड्यूटीवर होता. अनघानं रजा टाकली, हाताएवढ्या लांब लेन्सचा तिचा लाडका कॅमेरा घेतला. मी पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि थर्मासभर चहा घेतला. शेरवूडचं जंगल नॉटिंगहॅमहून गाडीनं तासाभराच्या आत येतं. बसही जाते. जंगलात शिरायला तिकीट नाही, गाडी लावायचे पैसे मात्र कार्डानं भरायचे. बूट जाड घाला, पानांखाली चिखल लपलेला असतो. तिथं कॅफे आहे, पण दसऱ्याला सँडविच खाऊन कसं चालेल?

अनघा पार्किंगच्या मशिनशी झटत होती, तेवढ्यात कुंपणावर मला काहीतरी दिसलं. चांगला मोठा पक्षी, पंखावर निळी झाक. मी लगेच चपला काढल्या आणि हात जोडले. (जाड बुटांचा सल्ला मला नंतर सुचलेला आहे.) शेजारून कुत्रं घेऊन एक म्हातारी गोरी बाई चालली होती. तीही थांबली आणि त्याच पक्ष्याला तिनं कपाळाशी हात नेऊन सलाम ठोकला! मला वाटलं, बघा, इकडेही दसरा पाळतात.

अनघानं तिच्याशी बोलून घेतलं आणि तोंड दाबून हसत माझ्याकडे आली. "आई, तो मॅगपाय आहे. काळा-पांढरा. एकटा दिसला तर इकडे अपशकुन मानतात. तो टळावा म्हणून सलाम करतात."

"म्हणजे सणाच्या दिवशी मी अपशकुनाच्या पाया पडले?"

"पाया पडलात म्हणूनच टळला, असं त्या म्हणतायत."

मी त्या बाईला हात जोडले. तिनं मलाही सलाम केला. कुत्र्यानं माझी चप्पल हुंगली.

आत गेलं की ओकच ओक. एका फार जुन्या ओकला चहूबाजूंनी टेकू दिलेत आणि भोवती कुंपण घातलंय. मी म्हटलं, माझ्या गुडघ्यांना असे दोन मिळतात का बघ. पुढच्या वाटेवर वरून आवाज आला, मांजरपाट टर्रकन फाडावा तसा. अनघानं माझा दंड धरला. "जे! तो बघा! दिसला?"

"दिसला."

"कुठल्या फांदीवर?"

"वरच्या."

"आई, तो उडून गेलाय."

असं बरेचदा झालं. आवाज यायचा, ती बोट दाखवायची, मी मान वळवायची आणि नेमका त्या जागी डाग. तिला फोटो मिळत होते. कॅमेऱ्याच्या मागची फोटो दिसणारी काच माझ्या नाकाशी धरून म्हणाली, "यात बघा ना, मोठा करून देते."

"दर्शन फोटोत घ्यायचं असतं तर तुमचं लग्नही मी फोटोतच बघितलं असतं, हॉलचा खर्च वाचला असता."

ती हसली नाही. आभाळ भरून आलं होतं, माझे पाय बोलायला लागले होते. आम्ही बाकावर बसलो. तिनं कॅमेरा गळ्यात तसाच सोडला आणि डबा उघडला. "सॉरी, आई. तुम्हाला उगाच एवढं चालवलं. मला वाटलं होतं, दाखवू शकेन." आवाज भरून आला होता. मी तिच्याकडे तोंड केलं. तिचं तोंड मला दिसत नव्हतंच, डोक्यावरची लाल टोपी तेवढी दिसत होती. पुरी पुढे करून म्हटलं, "खा आधी."

आणि तिच्या पलीकडे, माझ्या नजरेच्या पार काठावर, निळं हललं.

मी मान वळवली नाही. वळवली असती तर तोही डागात बुडाला असता. तशीच सुनेच्या टोपीकडे बघत राहिले. तो टुणकन पुढे आला. चोचीत ओकचं फळ, सुपारीएवढं. जमिनीत ठोकून ठोकून बसवलं, वर एक पान ओढलं, जसं आपण दुधावर झाकण ठेवतो. पट्ट्यातल्या बारीक रेघा मला दिसल्या नाहीत. पण निळं दिसलं. आमच्या शेतातल्यासारखंच निळं. मी हात जोडले, डोकं झुकवलं.

अनघा घाबरली. "अहो आई, मला काय नमस्कार करताय!"

"तुला नाही गं. मागे बघ. हळू."

तिनं वळून कॅमेरा उचलला, आणि तेवढ्या जवळ ती भलीमोठी लेन्स काही नीट बघेचना. खटखट केलं तेवढ्यात तो गेला. जाताना पाठीवरचं पांढरं चमकलं. फोटोत फक्त एक निळसर फराटा आला. तोच वर लावलाय. चांगले फोटो खाली आहेत, त्यातलं मला विचारू नका.

घरी आलो तर निखिल श्रीखंडाचा डबा उघडून बसला होता. "दिसला का गं खरंच, की नेहमीसारखं दिसला-दिसला?" मी त्याला पान झाकल्याचं सांगितलं. तो अनघाकडे बघायला लागला. ती म्हणाली, "मला नाही दिसलं ते. त्यांनाच दिसलं."

जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं, की सोबत असं माणूस न्या, जे आपल्याला दिसलं नाही म्हणून रडकुंडीला येईल. नीळकंठ त्यानंतर दिसला काय, न दिसला काय. दिसला, हे माझं नशीब.

आता तो नमस्कार. हात नीळकंठाला जोडले होते, पण तोंड सुनेकडे होतं, तेव्हा थोडाफार तिच्याकडेही गेलाच असणार. सासूचा नमस्कार घेऊन करू काय, म्हणून ती अजून कुरकुरतेय, आणि हे वाक्य टाइप करायला मघापासून तयार नव्हती. मी म्हटलं, लिही. परत मागणार नाहीये मी तो.