सातवा चिंचोका

सहा चिंचोके डाव्या मुठीतून उजव्या मुठीत गेले होते, सातवा अंगठ्याखाली होता, आणि मी बोलले. बोलायचं नव्हतं. बोलायचं नाही एवढंच एक काम होतं मला, तेवढ्यासाठी दोन घरच्या पोळ्यांना सुट्टी सांगून मी शाळेत आले होते, आणि मीच बोलले. मुख्याध्यापिका मॅडमनी प्रश्न माझ्या श्रावणीला विचारला होता, इंग्रजीतून, चित्र दाखवून, की या चित्रातली मुलगी काय करते. श्रावणी चित्राकडं बघत होती, मॅडम श्रावणीकडं बघत होत्या, वरचा पंखा कटकट करत होता, आणि माझ्या छातीत असं धडधडायला लागलं की माझ्या तोंडातून आपोआप बाहेर पडलं, शी इज ईटिंग. माझ्या. सातवी शिकलेल्या बाईच्या. श्रावणीचं तोंड तेव्हा जरासं उघडलं होतं, मी बघितलं. ते मिटलं.

मॅडम हसल्या, वाईट नाही हसल्या, पण हसल्या. "मम्मी, पहिलीला तुमचीच ॲडमिशन करू का?"

हे असं का झालं ते सांगायचं तर आधी बाईंचं सांगायला लागेल, नाहीतर चिंचोक्यांचं काही कळायचं नाही कुणाला. बाई म्हणजे कर्वेनगरला ज्यांच्याकडं मी पोळ्या करायचे त्या. अख्ख्या पुण्यात समोरच्याचं बोलणं होईपर्यंत गप्प बसणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे आमच्या बाई. नोकरी संपेपर्यंत शाळेत इंग्रजी शिकवलं, मग घरी बसायचं तर रोज चार वाजता स्वतःच्या गॅलरीत पोरं गोळा केली. वॉचमनची नेपाळी पोरगी, इस्त्रीवाल्याचा कानडी बोलणारा पोरगा, बाकी सगळी आमच्यासारख्या गावाकडून आलेल्यांची. आम्ही परभणीकडचे, श्रावणीचे पप्पा मार्केट यार्डात हमाली करतात. आमच्यासारख्यांनी हौसेनं पोरं इंग्रजी शाळेत घातलेली, आणि तिथं पोरांना काय चाललंय ते कळत नाही, अशी सगळी त्या गॅलरीत.

पहिल्या दिवशी मी कामावर गेले तर सगळ्या घराला चिठ्ठ्या चिकटवलेल्या. दाराला, खिडकीला, फ्रीजला, गॅसच्या टाकीला, मला वाटलं घर विकायला काढलंय आणि सामानाची यादी केलीय. तर तसं नाही, चिठ्ठीवर वर इंग्रजी नाव, मधी चित्र, आणि खाली मोकळी जागा. त्या जागेत ज्या पोराच्या घरी त्या वस्तूला जे म्हणतात ते त्या पोरानं लिहायचं किंवा बाईंना सांगायचं. खिडकीच्या चिठ्ठीवर चार घरची नावं होती. मी एकदा म्हणलं, बाई, इंग्रजी शिकवायचं तर ही बाकीची कशाला. तर म्हणाल्या, "घरचा शब्द काढून टाकला तर नवा बसणार कशावर?" पोळपाटाच्या चिठ्ठीवर मात्र इंग्रजी अक्षरांत पोळपाटच लिहिलेलं. याला त्यांच्याकडे शब्द नाही, म्हणे, आपलाच वापरू देत त्यांना.

पुस्तक मी त्यांच्या हातात कधी बघितलं नाही. चपलांच्या रिकाम्या खोक्यात त्यांचा सगळा वर्ग भरलेला. लग्नाच्या पत्रिका, औषधांच्या डब्या, बसची तिकिटं, जुन्या कॅलेंडरची कापलेली चित्रं, बटणं. आणि भाजी. यार्डात राहिलेली भाजी श्रावणीचे पप्पा कधी घरी आणायचे, त्यातली मी बाईंना न्यायचे, तर त्या भाजी घ्यायच्या आधी विचारायच्या की यात लांब काय आहे, आखूड काय आहे. एक दुधी आणि एक ढेमसं मिळालं की त्यांचा चेहरा असा खुलायचा जसं काय मी सोनं आणलंय. चार ते पाच त्या दुधीला पोरं हात लावायची, जड हलकं, गोल लांब करायची, उचलून दुसऱ्याला द्यायची, आणि पाचला तोच दुधी माझ्याकडं चिरायला. आज धडा काय झाला ते रात्रीच्या भाजीवरून कळायचं. एका आठवड्यात मोजणी चालू होती तर सहा दिवस आम्ही मटारच सोलला.

आणि त्या नुसतं सांगायच्या नाहीत, करून दाखवायच्या. उठा म्हणलं की स्वतः उठायच्या, नाकाला हात लावा म्हणलं की लावायच्या, गिरकी घ्या म्हणलं की त्या वयात पदर खोचून गिरकी. पोरांनी तोंडानं काही म्हणायचं नाही, फक्त करायचं. एकदा सोसायटीचे सेक्रेटरी आले तक्रार घेऊन, जिन्यात पोरांच्या चपला असतात म्हणून. बाई मधीच थांबेनात. त्यांनी इंग्रजीतून बसा म्हणलं, पोरं बसली, सेक्रेटरीपण बसले. उभे राहा म्हणलं, तेही उभे. उजवा हात वर, त्यांचापण वर. शेवटी दाराकडे चला म्हणलं, तशी पोरं दारापर्यंत जाऊन माघारी आली आणि सेक्रेटरी सरळ घरी गेले. "अहो, चांगलं ऐकतात ते," बाई म्हणाल्या, "उगाच लोक नावं ठेवतात."

श्रावणीला मी त्या गॅलरीत बसवलं तेव्हा ती शाळेत एक अक्षर बोलत नव्हती. घरी टकळी चालू, शाळेत कुलूप. तिची टीचर म्हणायची मुलगी स्लो आहे, डॉक्टरला दाखवा. मी रोज बाईंना विचारायचे, आज बोलली का, आज बोलली का. एक दिवस त्यांनी मला ओट्यापाशी नेलं, झाकलेलं दह्याचं भांडं दाखवलं.

"हे मी दुपारी लावलंय. तू मघापासून तीनदा झाकण काढून बघितलंस तर लागेल का?"

म्हणलं नाही.

"मग पोरीचं झाकण कशाला काढतेस? ती ऐकते आहे. आत लागतंय तिचं."

आता चिंचोके. बाईंच्या मांडीशी दोन वाट्या असायच्या, एकीत दहा चिंचोके. पोराला प्रश्न विचारला की एकेक चिंचोका उचलून दुसऱ्या वाटीत टाकायच्या, सावकाश, टक, टक. दहावा पडेपर्यंत दुसऱ्या कुणी बोलायचं नाही. बाईंनी पण नाही. उत्तर सुचवायचं नाही, भुवई उडवायची नाही, हं हं म्हणायचं नाही. दहा झाले आणि पोरगं बोललं नाही तर काही बिघडलं नाही, उद्या परत. सगळ्यांना हाच नियम. पण दारावर भाजीवाला आला की त्याला पाच. मोठ्या माणसांना पाच पुरतात, म्हणायच्या, त्यांना विचार करायचा नसतो.

मलापण विचारलं एकदा. मी कणीक मळत होते तर इंग्रजीतून विचारलं, तुझं नाव काय. मला येत होतं, तेवढं तर कुणालापण येतं, पण घशातून निघंना. दहा टक झाले. बाई उठून गेल्या, रागावल्या नाहीत काही नाहीत. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, परत दहा. चौथ्या दिवशी नवव्या चिंचोक्याला मी सांगितलं. माय नेम इज, आणि पुढं माझं नाव. बाई म्हणाल्या, छान, पोळी करपतेय. मी तोंड फिरवून पोळी उलटली आणि डोळे पुसले. माझ्यासाठी कुणी एवढं थांबलेलं मला आठवत नाही. माहेरी मी बोलायच्या आत आई बोलायची, इकडं मी बोलायच्या आत सासू. मग मीपण रोज कोपऱ्यात बसून पोरांबरोबर चित्रं बघायला लागले. शी इज ईटिंग तिथंच शिकले. तेच मला नडलं.

फेब्रुवारीत बाई बाथरूममधी पडल्या. माकडहाड मोडलं, मुलगा आला आणि बंगळूरला घेऊन गेला. जायच्या आधी खाटेवर पडल्या पडल्या मला बोलावलं, औषधाच्या डबीत दहा चिंचोके घालून दिले, आणि शाळेसाठी एक चिठ्ठी लिहून दिली. श्रावणीच्या शाळेनं तेव्हाच कळवलं होतं की मुलगी बोलली नाही तर पहिलीत घेता येणार नाही, परत सीनियर केजीला बसवू. चिठ्ठीत एवढंच होतं की मुलीला प्रश्न विचारल्यावर कृपया दहा मोजेपर्यंत थांबावं. बाई मला म्हणाल्या, "मी असते तर आले असते. तू जा. तुला इंग्रजी यायची गरज नाही तिथे. फक्त गप्प बसायचं."

मॅडमनी ती चिठ्ठी वाचली बरं का. वाचून म्हणाल्या, ठीक आहे, थांबू. आणि खरंच थांबल्या. त्यांनी घड्याळ बघितलं नाही, पेन वाजवलं नाही. दुसऱ्याच्या अंगावर ढकलायला माझ्याकडं काहीच नाही. सगळ्यांनी नियम पाळला, मी सोडून. मग त्यांनी परत विचारलंसुद्धा, दुसरं चित्र दाखवून, पण आता श्रावणी चित्राकडं बघतच नव्हती. माझ्याकडं बघत होती, की मम्मीच सांगणार ना आता. मॅडमनी फॉर्म दिला. परत सीनियर केजी, आमची हरकत नाही, पालकाची सही, सोमवारपर्यंत.

घरी जाताना बसमधी खिडकीशी बसली पोरगी. वारज्याचा पूल आला तेव्हा म्हणाली, "मम्मी, ती खात नव्हती."

कोण, म्हणलं.

"चित्रातली. तिच्या हातात पोळी होती ना, ती कुत्र्याला देत होती. खाली कुत्रा होता. शी इज गिव्हिंग."

मी परत परत आठवून बघितलं चित्र. कुत्रा होता. टेबलाच्या खाली, नुसतं नाक आणि एक कान. मला सहा चिंचोक्यांमधी दिसला नव्हता, तिला दिसला होता. ती बघत होती म्हणून वेळ लागत होता तिला. आणि मी तिच्या बरोबर उत्तराच्या आधी माझं चुकीचं उत्तर देऊन बसले, एका खोलीत, जिथं तेवढंच एक विचारायचं होतं.

आज रविवार. रविवारी दुपारी बाईंचा फोन येतो. उचलू का नको करत शेवटी उचलला. त्यांनी विचारलं, काय झालं शाळेत. मला बोलवेना. फोनमधून आवाज आला, टक. मग परत टक. तिकडं बंगळूरला खाटेवर पडून त्या माझ्यासाठी चिंचोके टाकत होत्या, मोठ्या माणसाला पाचच असतात पण तेव्हासारख्याच पाचानंतरही टाकत राहिल्या. दहाव्याला मी सगळं सांगितलं, कुत्र्याचं पण.

तिकडं चिंचोके परत वाटीत भरल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "सातवा अवघडच असतो. मी शाळेत होते ना, कितीतरी वर्षं तिसऱ्यालाच बोलायचे. पोरांचं तोंड उघडायच्या आत उत्तर फळ्यावर. ती सगळी पोरं गेली आता. त्यांना काय दिसलं होतं ते मला कधी कळलंच नाही. म्हणून मग वाट्या घेतल्या मांडीशी."

मी म्हणलं, बाई, तुम्ही परत कधी येणार. म्हणाल्या, डॉक्टरला विचार, मला कुणी सांगत नाही. मग म्हणाल्या, "तुझ्या डाव्या मुठीत अजून तीन आहेत ना? मग प्रश्न अजून संपलेला नाही. सही करू नकोस. जा आणि मॅडमना सांग, मी मधे बोलले, पुन्हा विचारा."

फोन ठेवला आणि मी सोसायटीवरून चक्कर मारून आले, उगाच. बाईंच्या घरात दुसरे लोक राहायला आलेत. चिठ्ठ्या काढल्यात सगळ्या, फक्त गॅलरीच्या खिडकीला वरच्या कोपऱ्यात एक राहिलीय, हात पोचला नसेल त्यांचा. चार घरची नावं आहेत तिच्यावर, खालून वाचता येत नाहीत, पण मला पाठ आहेत. चार वाजले होते. गॅलरीत कुणाचे तरी कपडे वाळत होते.

फॉर्म आत्ता माझ्यासमोर आहे, त्यावर डबी ठेवलीय उडू नये म्हणून. श्रावणीचे पप्पा म्हणतात, कर सही, एक वर्ष काय, आपली सगळी वर्षं अशीच गेली. उद्या मॅडमपुढं काय तोंडानं जाऊ, त्या हसतील, आणि नाही हसल्या तरी त्या परत चित्र धरतील आणि परत एक, दोन, तीन, चार, पाच, सहा होईल, आणि मला माहितीय सातव्याला माझ्या छातीत काय होतं. गप्प बसायला बाईंना सगळा जन्म गेला, मला एका रात्रीत जमेल का? तुम्ही काय केलं असतं? सही केली असती, का गेला असता? आणि गेला असता तर आपलं लेकरू समोर उभं असताना, त्याचं तोंड नुसतं जरासं उघडलेलं असताना, थांबला असता का?

लगेच नका सांगू. दहा आहेत माझ्याकडं.