झुमऱ्याचा संप

आमच्या घरात देवाबद्दल शंका घेतलेली चालते, झुमऱ्याबद्दल नाही.

झुमऱ्या हे गाढव आहे. गोष्टीच्या पुस्तकातलं. पाठीवर गावभराची पोती घेऊन ते घाट चढतं, प्रत्येक वळणावर 'हुश्श' करतं आणि वर पोचल्यावर हसतं. बस, एवढीच गोष्ट. यावर बाबा वाढले, दादा वाढला, मी वाढले, आणि आता दादाचा चार वर्षांचा मिहीर वाढतोय. पुस्तक तेच, बाबांचं, शिवण सुटलेलं. (याच्याइतकं मनापासून आमच्या घरात कुणी काही वाचलेलं नाही. माझी पत्रकं धरून.)

मी पत्रकं काढते. दाल बाजारातल्या हम्मालांच्या पाठीवरचं ओझं कमी व्हावं म्हणून. त्या दिवशी तिथे घसा बसेपर्यंत बोलून नया बाजारातल्या घरी आले, तर कॉटवर झुमऱ्या उघडा पडलेला. मजुरी नाही, सुट्टी नाही, आणि वर हसतोय! पोराला हे शिकवायचं? माझं डोकंच फिरलं. मी मैद्याची खळ शिजवली, कागद कापले आणि घाटाच्या प्रत्येक चित्रावर स्वतः काढलेलं नवं चित्र डकवलं: पोती जमिनीवर, झुमऱ्या झाडाखाली बसलेला. खाली ओळ, 'मागण्या मान्य होईपर्यंत झुमऱ्या उठणार नाही.' माझी खळ भिंतीवरून पोलिसांकडूनही निघत नाही. तेव्हा मला याचा फार अभिमान होता.

एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. (मी घरी असते कधी?) थंडी पडली की मिहीरची छाती भरते. मग मशीन लावून, तोंडावर मास्क धरून त्याला औषधाची वाफ द्यावी लागते. जबरदस्ती केली तर रडून धाप वाढते. तो मास्क सहन करतो फक्त झुमऱ्यासाठी. वहिनी चित्र दाखवते, झुमऱ्या हुश्श करतो, की मिहीरही खोल श्वास ओढून हुश्श करतो. घाट संपतो तेव्हा औषध संपतं.

संध्याकाळी त्याची छाती शिट्टीसारखी वाजायला लागली. दादा परगावी. वहिनीने मशीन सुरू केलं, मिहीरला मांडीवर घेतलं, पुस्तक उघडलं आणि हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिला अक्षर ओळखायची गरज पडली नाही.

मिहीरने मास्क ओढून काढला. आमचं शहर हिंदी मुलखातलं, त्यामुळे तो गल्लीतल्या पोरांसारखा हिंदीतच बोलतो. "ये तो बैठा है."

"उठेल हं आत्ता." वहिनीने पान उलटलं. तिथेही बसलेला. पुढेही बसलेला. मी एकही पान सोडलं नव्हतं.

"वो नहीं चढ़ रहा, तो मैं भी नहीं."

पत्रकं वाटायला लागल्यापासून माझं म्हणणं इतक्या चटकन कुणालाच पटलं नव्हतं!

मी कागद सोलायला गेले, तर खालचा घाटही त्याच्याबरोबर सोलून आला. बाबांनी सगळी गोष्ट तोंडपाठ म्हणून दाखवली. मिहीरने चित्रावर बोट ठेवलं आणि भोकाड पसरलं. धाप आणखी वाढली. वहिनीने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, वाफ आत्ताच जायला हवी, घेत नसेल तर सरळ भरती करायला आणा. ती एका हाताने त्याची टोपी शोधू लागली. खोलीत मशीनची घरघर चालू होती आणि मिहीरच्या गळ्याखाली दर श्वासाला खळगा पडत होता.

मी जमिनीवर बसून वाटाघाटी सुरू केल्या. झुमऱ्याला खायला तिळगुळाची गजक देऊ, रविवारची सुट्टी देऊ, पोती अर्धी करू. सगळं मान्य, म्हटलं, ऊठ म्हणावं त्याला. मिहीरने डोळे पुसून चित्र नीट तपासलं.

"अब भी बैठा है."

"बसू दे त्याला," बाबा म्हणाले. "दुसरं गाढव बघा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. (सगळे म्हणजे तिघंच, पण तेवढे पुरले.)

मी हातागुडघ्यांवर ओणवी झाले. बाबांनी माझ्या पाठीवर तक्क्या ठेवला, त्यावर रजई, त्यावर धुवायच्या कपड्यांचं गाठोडं. मी कॉटभोवती घाट चढायला लागले. पहिल्या वळणावर हुश्श केलं.

"आत्या, ज़ोर से."

जोरात केलं. मिहीरचं तोंड उघडं राहिलं, आणि वहिनीने त्याच क्षणी मास्क लावला. पुढच्या वळणावर मास्कच्या आतून बारीक हुश्श आलं. मग मी थांबलेच नाही. गुडघे सोलवटले, गाठोडं मानेवर घसरलं, शेजारच्या काकू साखर मागायला आल्या आणि न मागताच परत गेल्या. हळूहळू शिट्टी विरत गेली. औषध संपलं तेव्हा मिहीर आईला टेकून शांत श्वास घेत होता, आणि धाप लागली होती मला.

दाल बाजारात मी इतकी वर्षं संपाची हाक देतेय, कुणी पोतं खाली ठेवलेलं नाही. माझा पहिला शंभर टक्के यशस्वी संप घरातच झाला. आणि संपावरच्या कामगाराच्या जागी बिनमजुरीने राबून तो फोडला कुणी? मीच!