कागद फाडायचा विळा

काल आळे गावात नव्या कागदाचा वास आला आणि चक्रीवादळाची ती दुपार आठवली. पॉलिहाऊसच्या प्लास्टिकला आमच्याकडे कागदच म्हणतात. राजुरीतल्या माझ्या द्राक्षबागेत हवामानाचं यंत्र आहे. त्या दिवशी सकाळपासून मोबाइलवर हवेचा दाब उतरतच होता. आळ्यात माझे व्याही. त्यांच्या पॉलिहाऊसात ढोबळी मिरची फुलावर आलेली. मी फोन केला. "समुद्र कुठं, आळं कुठं, पावणं," ते म्हणाले. मी सांगितलं, वारा आत शिरला तर पाइपांसकट उचलून नेईल, कागद फाडून टाका. मुलीच्या सासऱ्यांना असं सांगणं सोपं नसतं. "परवाच चढवलाय," एवढंच ते बोलले, आणि मग विहीणबाईंना विळा शोधायला सांगताना ऐकू आले. विळा लवकर सापडेना. शेवटचा पट्टा फाडला तेव्हा वारा पोचलाच होता. मिरची आडवी झाली, सांगाडा राहिला. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "पाइप उभं हायेत." पुढे त्यावर बोलणं झालं नाही. काल त्यांनी पुन्हा नवा कागद चढवला म्हणून बघायला गेलो, तर दाराजवळच्या पाइपाला धार लावलेला विळा तारेनं अडकवलेला. हा इथे कशाला, मी विचारलं. व्याही म्हणाले, "तुमचा फोन आल्यावर शोधायला नको."