हे बदलले तेव्हा

फोन आला तेव्हा मी ह्यांच्यासाठी पेज ढवळत होते. दवाखान्यात सकाळपासून बसलेली आमची सुनंदा म्हणाली, "आई, आप्पा गेले..." पुढचं मला ऐकू आलं नाही. मी ढवळतच राहिले. पेज पार आटून गेली. त्याला आता महिना होत आला.

तरुणपणी माझी फार खात्री होती की नवरा हळूहळू सुधारता येतो. नवागामला आमच्या खोलीच्या दोन्ही बाजूंना दीर राहायचे, आणि ह्यांचं प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर, "दादांना विचारतो." दादा म्हणजे थोरले दीर. सुनंदाला बडोद्याला जाऊन जीवशास्त्र शिकायचं होतं. दादांना तिचं लग्न उरकायचं होतं. मी ताटात भाजीबरोबर रोज एक टोमणा वाढायचे. स्वतःला मोठी मुत्सद्दी समजायचे बाई मी... हे भाजी खायचे, टोमणाही खायचे, आणि ढेकर देऊन लूमच्या, मागांच्या कारखान्यात जायचे. वर्षानुवर्षं तसेच.

तिच्या बारावीच्या साली ह्यांना भेस्तानला काम लागलं. आम्ही तिघंच तिकडे राहायला गेलो. निकाल लागला, तसं सुनंदाने जेवताना विचारलं. "दादांना..." म्हणाले, आणि थांबले. भिंतीपलीकडे आता दादा नव्हते, एक ओडिया कुटुंब होतं. घास हातातच राहिला. मग म्हणाले, "जाऊ दे तिला. मीच सोडून येतो." आणि खरंच सोडून आले. दादांनी बोलणं टाकलं, ते निराळं.

मी मात्र गल्लीभर मिरवले, माझ्या टोमण्यांचं फळ म्हणून. सुनंदा दिवाळीला आली आणि तिने माझी हवाच काढली. "आई, एक सिद्धांत आहे. जीव लाखो वर्षं जवळपास तसेच राहतात. मग एखादा लहान गट मूळ कळपापासून वेगळा पडतो, आणि तिथे थोडक्या काळात नवी जात घडते."

"थोडक्या म्हणजे किती?"

"हजारो वर्षं."

"मग तुझ्या आप्पांनी फारच घाई केली."

हे पलंगावरून म्हणाले, "आणि तुझी आई अजून तशीच आहे, तेही लिहून घे."

पुढे कच्छच्या सहलीतून तिने शंखाचा ठसा उमटलेला एक दगड आणला. हे आजारी पडेपर्यंत कामावरून आले की खांद्यावरच्या रुमालाने तो पुसायचे, मगच हातपाय धुवायचे. परवा मी तो खिडकीतून उचलला. शंखाच्या एका खाचेत मागावरचा निळा धागा अडकलाय. सुनंदा आता बडोद्याला शिकवते. परत निघायची म्हणून पिशवी भरत होती. म्हणाली, "थांब, पिनने काढून देते."

"राहू दे," मी म्हटलं. "तुझी गाडी चुकेल."