ड्रेमाच्या गळ्यात पडलेला गार्नेट टोलर

ड्रेमा सायझमोरला फुटबॉल कधी आवडला नाही. वेस्ट व्हर्जिनियातल्या त्या कोळशाच्या गावात हे बोलायची सोय नव्हती, म्हणून सामना लागला की ती स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी घासत बसायची. तिचा नवरा एल्वुड मात्र गार्नेट टोलरचा भक्त. शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात गार्नेट क्वार्टरबॅक, म्हणजे हाताने चेंडू फेकून डाव चालवणारा होता आणि त्याने फेकलेले चेंडू झेलायला एल्वुड. पुढे एल्वुड खाणीत उतरला, गार्नेट मोठ्या शहरांच्या संघांतून खेळला आणि गुडघे संपल्यावर गावात परतला. थोर खेळाडूंची नावं पत्रकारांच्या मतांनी निवडणाऱ्या हॉल ऑफ फेमने त्याला विचारलं नाही, तेव्हा एल्वुडने विडाच उचलला. मत देणाऱ्या पत्रकारांना पत्रं, फोन, चर्चमध्ये घेवड्याची उसळ आणि मक्याच्या पावाची जेवणं, सगळं गार्नेटसाठी.

काळ्या धुळीने फुप्फुसं भरून एल्वुड गेला. दफनानंतरच्या जेवणात पाद्रीबाबा उभे राहिले आणि म्हणाले, "एल्वुडचं काम थांबणार नाही. आपल्या ड्रेमाताई ते पुढे नेतील!"

तिला कुणी विचारलं नव्हतं. टाळ्या पडल्या. तोंडातला घास गिळून ती हसली, तिथेच अडकली.

मग वर्षामागून वर्षं गेली. दुकानात पीठ घ्यायला गेलं तरी पहिला प्रश्न, "काय गं, काय म्हणतात ते पत्रकार?" समुद्राकाठी राहणारी बहीण रोवेना दर उन्हाळ्यात बोलवायची, "खोली रिकामी आहे, ये कायमची." ड्रेमा म्हणायची, "एवढा निकाल लागू दे."

त्या फेब्रुवारीत निकाल ऐकायला गाव अग्निशमन केंद्रात जमलं. गार्नेट कोट घालून पहिल्या रांगेत बसला होता. टीव्हीवर नावं आली. त्याचं नव्हतं. सगळ्या माना वळल्या त्या ड्रेमाकडे. महापौरांनी तिचा हात धरून वर केला, "पुढच्या वर्षी! काय ड्रेमाताई?"

दुसऱ्या दिवशी ती गार्नेटकडे गेली. तो ओसरीवर बसला होता. खेळताना डोक्याला बसलेल्या धडकांनी त्याचे हात आताशा थरथरत. तिने कॉफीचा कप त्याच्या दोन्ही हातांत नीट धरवला आणि मग म्हणाली, "गार्नेट, मी सोडतेय हे. रोवेनाकडे जातेय."

त्याने डोंगराकडे तोंड फिरवलं.

"तुला ठाऊक आहे का," तो म्हणाला, "मी एल्वुडला आधी नाही म्हटलं होतं. म्हटलं, बाबा, मला काही नको, मला मासे पकडू दे."

"मग?"

"मग तुम्ही लोकांनी पाण्याच्या टाकीवर माझं नाव रंगवलंत. रोज कुणीतरी म्हणायचं, यंदा नक्की. ऐकून ऐकून हवंसं वाटायला लागलं. आता इतकं हवंय की जानेवारी लागला की जेवण जात नाही." त्याचा आवाज चढला. "आणि आता तूच म्हणतेस, सोडते? मला हे वेड लावून कुठे निघालीस, ड्रेमा?"

"मी नाही लावलं रे. एल्वुडने लावलं."

"एल्वुड मेला. कुणाला बोलू मी?"

तिला रागही आला आणि रडूही. त्याच्या कोटाला कालचा कागदी बिल्ला तसाच होता. रात्री त्याने कोट काढला नव्हता, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. ती त्याच्याजवळ बसून राहिली.

शरद ऋतूत ती गेली खरी रोवेनाकडे. सामानात दोन खोकी पत्रकारांच्या पत्त्यांची होती. खिडकीतून समुद्र दिसायचा. ती खिडकीकडे पाठ करून फोन लावत बसायची.

"अगं, समुद्र बघायला आलीस ना?" रोवेना वैतागायची.

"बघते गं. हा एक फोन होऊ दे."

त्या दिवशी पलीकडे कुणी नवा, तरुण आवाजाचा पत्रकार होता. "गार्नेट टोलर?" तो म्हणाला. "तो अजून जिवंत आहे?"

ड्रेमाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आहे की," ती म्हणाली. "वाट बघतोय तुमची. वेळ आहे ना तुम्हाला? मग बसा, सांगते."