झोपलेल्या माशा

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. मी काटोलच्या शाळेत मास्तर होतो आणि शनिवारी एस.टी.ने नागपूरला घरी यायचो. एकदा खच्चून भरलेल्या गाडीत एक धोतरवाला म्हातारा मधमाश्यांची लाकडी पेटी घेऊन चढला.

"हळू गा, माह्या माशा झोपून राहिल्या," तो म्हणाला. मागचं लांब बाकडं एका क्षणात रिकामं झालं. त्यानं पेटी शेजारी ठेवली, तिच्यावरचं फडकं सारखं केलं आणि कान लावून ऐकलं.

"तुमचं काम काय असते, काका?" एकानं लांबूनच विचारलं.

"संत्र्याले फूल आलं का पेट्या बागेत नेऊन ठेवतो. माशा कामाले जातात, मी झाडाखाली झोपतो."

कळमेश्वरला एक गरोदर बाई चढली. "ये वं बाई, बस इथं," म्हाताऱ्यानं बोलावलं. ती घाबरून मागे सरली. तेव्हा फडक्याचं टोक उचलून तो हळूच म्हणाला, "रिकामी हाय. माशा बागेतच हायेत. कोणाले सांगू नोको."

मी जवळच उभा असल्यामुळे ते ऐकलं. बाई ऐसपैस टेकून बसली. पुढच्या थांब्यावर एक जाडजूड गृहस्थ बाकाकडे येऊ लागले, तशी तीच गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "नोका बसू भाऊ. मघाशीच मले एक चावली."

म्हातारा खिडकीबाहेर पाहत मिशीत हसला. मलाही त्या बाकावर सहज बसता आलं असतं. पण मी नागपूर येईपर्यंत इमानदारीनं घाबरून उभा राहिलो.